तळघराचं छत
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेलं भाषण)



समितीने विषय माझ्यावर सोडला. मी छतावर बोलणार आहे. हसू नका, शेवटी आपल्याच हॉलवर येतो.

2018 साली आम्ही उभयता न्यू जर्सीला मुलाकडे सहा महिने होतो. तिथे घराखाली बेसमेंट असतं. आपल्यासारखं पार्किंग नव्हे. घर तापवायची भट्टी तिथे, आणि गरम हवा नेणारे पत्र्याचे जाडजूड डक्ट छताला लटकलेले. मुलाला तिथे गणपतीत तीस माणसं बसतील अशी खोली करायची होती. जमिनीपासून तुळया 7 फूट 4 इंच, डक्टखाली 6 फूट 8 इंच. सरसकट फॉल्स सीलिंग केलं तर सगळी खोलीच बुटकी. म्हणून फक्त डक्टभोवती लाकडी सांगाडा करून अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड ठोकला. तरी तिथे उंची 6 फूट 6 इंच राहिली. तिथल्या नियमावलीत डक्टखाली 6 फूट 4 इंच चालते. पण मुलगाच सहा फुटी. तेव्हा ही म्हणाली, "अरे, त्याच्याखाली सोफा ठेव की! बसलेल्या माणसाचं डोकं कुठे आपटतंय?" दोन इंजिनिअर आणि एक बँक ऑफिसर गप्प.

चूक माझी झाली. डक्टशेजारून अंगणातल्या नळाचा पाइप जात होता, त्याचा व्हॉल्व्हही त्या बोर्डाआड येत होता. मुलगा म्हणाला, "बाबा, इथे छोटं झाकण ठेवू या." मी म्हटलं, "कशाला? सलग किती छान दिसतंय!" त्याने ऐकलं.

तिकडे हिवाळ्याआधी तो व्हॉल्व्ह बंद करून नळातलं पाणी काढून टाकावं लागतं. ते राहूनच गेलं. जानेवारीत पाइप गोठून फुटला, बोर्ड फुगला, रात्री करवतीने छत कापावं लागलं. फोनवर मुलगा मला एका शब्दाने बोलला नाही. बँकेत छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, ही एक अजून पचलेली नाही.

आता आपला हॉल. पीओपी करायचं ठरतंय, कराच. पण वरून बी विंगची ड्रेनेज लाइन जाते. तिच्या सफाईच्या तोंडाखाली फूटभर चौरस झाकण हवं, उघडता येणारं. दिसायला वाईट दिसेल, मान्य. ठराव मी मांडतो. अनुमोदन कोण देतंय?