हौसेचे गुंठे आणि आपला सातबारा



शहरातली माणसं आपल्या पुणे जिल्ह्यात मोटारीनं येतात आणि विचारतात, "पाच गुंठे मिळतील का? चार आंबे लावू, सुट्टीला येऊ." त्यांच्या हौसेवर आमचा राग नाही. दारी आलेलं गिऱ्हाईक शेतकऱ्यानं का परतवावं?

परतवतो तो कायदा. 1948 च्या कूळकायद्याचं कलम 63 सांगतं, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय विकायची नाही. 1947 चा तुकडेबंदी कायदा सांगतो, प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पाडायचा नाही. 2023 साली बहुतेक जिल्ह्यांत ते क्षेत्र जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे ठरलं.

कारखानदाराला कोणी सांगतं का, माल अमक्यालाच विक म्हणून? गिऱ्हाईक कमी, की भाव पडला. मग दलाल आपल्याकडून एकरानं घेतो, शहरवाल्याला गुंठ्यानं देतो. मधला पैसा त्याचा.

तोवर एवढं सांभाळा. नुसत्या नोटरीच्या कागदावर व्यवहार करू नका. त्यानं सातबाऱ्यावर नाव चढत नाही. कोर्टाची पायरी मात्र चढावी लागते. विहिरीचा हिस्सा आणि वाट नोंदणी झालेल्या दस्तात लिहून घ्या.

कांद्याला मोकळा बाजार मागतो, तसाच जमिनीलाही मागू. विकायची की राखायची, हे कसणाऱ्यानं ठरवायचं.