तुकडा कुठे आहे?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दोन गोष्टी बजावल्या आहेत. तुझ्या कामाबद्दल बोल, आणि लोकांना घाबरवू नकोस. कॅन्सरच्या गाठी तपासणं हेच माझं काम असल्यामुळे दोन्ही एकदम जमवणं जरा अवघड आहे, तरी प्रयत्न करते.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सकाळपासून चौघांनी विचारलं, "म्हणजे रक्त-लघवी तपासणारी ना गं?" तेही आमच्याच शास्त्रातलं काम. पण माझा बहुतेक दिवस जातो तो शरीरातून काढलेल्या ऊतींच्या तुकड्यांवर. ऊती हा शब्द आठवतो का? बाईंनी आपल्याला कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला होता. मी अजून तेच करते, फक्त कांद्याच्या जागी माणसाचा तुकडा असतो. तो माणूस मला सहसा भेटत नाही. पण त्याच्या गाठीला नाव मी देते, आणि त्या नावावर पुढचे सगळे उपचार ठरतात.

आज हा विषय घेण्याचं कारण आपलं वय. आपल्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये अधूनमधून कुणाचा तरी रिपोर्ट येतो, आणि खाली लिहिलेलं असतं, "जरा बघ ना." बहुतेक वेळा तो स्कॅनचा किंवा रक्ताचा रिपोर्ट असतो. अशा वेळी माझा पहिला प्रश्न ठरलेला: तुकडा कुठे आहे? म्हणजे बायोप्सी केली का, ती कुठे तपासली, आणि आता तो तुकडा कुणाकडे आहे?

हा प्रश्न विचारला की पुष्कळदा उत्तर येतं, "अगं, गाठीला सुई लावली की ती चवताळते म्हणतात." ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. काही मोजक्या प्रकारच्या गाठींमध्ये सुई कुठून घालावी, किंवा घालूच नये, हे सर्जन आधी विचार करून ठरवतात, हे खरं. पण एरवी सुईच्या तपासणीने गाठ पसरेल ही भीती बाळगून महिनेच्या महिने घालवण्यात धोका कितीतरी जास्त असतो.

आता तुकड्याचं पुढे काय होतं ते सांगते. शरीराबाहेर आलेला तुकडा कुजायला लागतो, म्हणून तो लगेच फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. मग त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवतात. खोडरबरापेक्षा थोडा मोठा असा मेणाचा ठोकळा तयार होतो. त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण विसाव्या भागाइतके. ते काचपट्टीवर घेऊन दोन रंगांनी रंगवतात. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी दिसतात आणि बाकीचा भाग गुलाबी. यातला निळा रंग मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडापासून मिळतो.

ही पद्धत जवळजवळ दीडशे वर्षांची आहे आणि आजही आमची सुरुवात तिथूनच होते. परळला १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी घेतली. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. त्यांच्या पिढीची भिस्त मुख्यतः सूक्ष्मदर्शक, हे रंग आणि तयार नजर यांच्यावर होती. तेवढ्यावर त्यांनी केलेलं निदान पाहिलं की आजही मान लवते.

पण नजरेलाही मर्यादा असतात. अकरा वर्षांच्या एका मुलाच्या मांडीच्या हाडातला तुकडा माझ्याकडे आला होता. काचेवर सगळ्या लहान, गोल, निळ्या पेशी, एकीसारखी दुसरी. असं चित्र इविंग सार्कोमा नावाच्या हाडाच्या कॅन्सरमध्ये दिसतं, लिम्फोमामध्ये दिसतं, स्नायूंच्या एका कॅन्सरमध्येही दिसतं. प्रार्थनेला मैदानावर उभी असलेली मुलं गच्चीवरून पाहावीत तसं. सगळ्यांचा एकच गणवेश, कोण कुठल्या वर्गातलं ते कळत नाही.

अशा वेळी सर काय करायचे? हजेरी घ्यायचे. आम्हीही तेच करतो. प्रत्येक प्रकारच्या पेशीवर किंवा पेशीत काही ठरावीक प्रथिनं असतात. त्यांनाच जाऊन चिकटणारी प्रतिपिंडं आम्ही त्या कापावर सोडतो. ती चिकटली की तिथे तपकिरी रंग उमटतो. या तपासणीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, थोडक्यात आयएचसी म्हणतात. एकाच प्रथिनाला ओळखणारी प्रतिपिंडं हवी तेवढी तयार करण्याची युक्ती कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली केंब्रिजमध्ये शोधली. १९८४ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. आज माझ्या टेबलावरचं निम्मं काम त्या युक्तीवर चालतं.

त्या मुलाच्या पेशींनी सीडी-९९ या मार्करला हजेरी दिली, आणि हे इविंग सार्कोमाचं लक्षण आहे. पण काही लिम्फोमाही याच नावाला "हजर" म्हणतात. म्हणून पुढची पायरी जनुकांची. इविंगमध्ये बहुतेक वेळा अकराव्या आणि बाविसाव्या गुणसूत्राचे तुकडे एकमेकांत अदलाबदल होऊन दोन जनुकं जोडली जातात. फिश नावाच्या चाचणीत चमकणाऱ्या ठिपक्यांवरून बाविसाव्यावरचं जनुक तुटल्याचं दिसलं, आणि नाव पक्कं झालं. लिम्फोमाला मुख्यतः केमोथेरपी पुरते. इविंगला केमोबरोबर शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन लागतंच. नाव चुकलं असतं तर त्या मुलावर उपचार झाले असते, पण दुसऱ्याच आजाराचे.

नाव पक्कं झाल्यावरही मार्कर बोलत राहतात. स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये तुम्ही ईआर, पीआर आणि हर-टू ही तीन नावं पाहिली असतील. ईआर पॉझिटिव्ह म्हणजे ती गाठ स्त्रीच्या संप्रेरकावर वाढते. तिला टॅमॉक्सिफेनसारखी गोळी लागू पडते. ही गोळी जुनी आहे, स्वस्त आहे, आणि तिने असंख्य बायकांचे प्राण वाचवले आहेत. हर-टूला शून्य ते ३+ असे गुण देतात. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ म्हणजे नक्की सांगता येत नाही, मग फिश करून जनुकाच्या प्रती मोजायच्या. स्तनाच्या दर शंभर कॅन्सरांपैकी साधारण १५ ते २० हर-टू पॉझिटिव्ह असतात. हे कॅन्सर पूर्वी फार वाईट मानले जायचे. १९९८ साली अमेरिकेत ट्रास्टुझुमॅबला मंजुरी मिळाली आणि चित्र पालटलं.

फुप्फुसाचंही असंच. कधीही विडी-सिगारेटला हात न लावलेल्या बाईला फुप्फुसाचा कॅन्सर होतो, आणि तुकड्यात ईजीएफआर जनुकाचा बदल सापडतो. हा बदल आशियाई रुग्णांत युरोपीय रुग्णांपेक्षा जास्त आढळतो. तो असेल तर पसरलेल्या आजारातही सुरुवातीला केमोऐवजी रोजची गोळी देता येते. मात्र फुप्फुसातून सुईने निघणारा तुकडा शेवईच्या काडीएवढा असतो. तो निरनिराळ्या चाचण्यांत संपवून टाकला तर जनुक तपासायला काही उरत नाही. म्हणून आम्ही काप जपून वापरतो.

आता ज्यासाठी मी उभी राहिले त्या मुद्द्यावर येते. या सगळ्या चाचण्या कितीही आधुनिक असल्या तरी तुकडा बिघडला की त्या खोटं बोलतात. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड प्रांतात १९९७ ते २००५ या काळातल्या ईआर तपासण्या पुन्हा केल्या, तेव्हा तीनशेहून अधिक स्त्रियांचे रिपोर्ट चुकीचे निघाले. ज्यांना गोळी मिळायला हवी होती त्यांना "निगेटिव्ह" म्हणून ती दिलीच गेली नव्हती. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल २००९ साली आला. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये कसा ठेवला जातो, रंग देताना काय काळजी घेतली जाते, अशा साध्यासुध्या गोष्टींतल्या ढिलाईची तिथे चर्चा झाली.

आपल्याकडे हा तुकडा कसा प्रवास करतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तालुक्याच्या गावी ऑपरेशन होतं. गाठ बाटलीत घालून नातेवाइकांच्या हाती देतात. ती पिशवीत, डब्याशेजारी, एसटीने शहरात येते. कधी बाटली एवढी लहान की गाठ कोंबलेली. कधी फॉर्मॅलिनऐवजी सलाइन. कधी शनिवारी काढलेली गाठ पुढच्या शुक्रवारी पोचते. स्तनाच्या गाठीसाठी नियम असा आहे की ती तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये पडावी, फॉर्मॅलिन तुकड्याच्या दसपट असावं, आणि त्यात ती किमान सहा तास व जास्तीत जास्त बहात्तर तास राहावी. यासाठी लाखांचं यंत्र लागत नाही. मोठ्या तोंडाची बाटली लागते आणि कुणीतरी वेळ लिहून ठेवावी लागते.

दुसरी गोष्ट रक्तातल्या ट्यूमर मार्करची. हल्ली आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये ते फुकट जोडून देतात. एका पस्तिशीच्या बाईच्या पोटात पाणी झालं, सीए-१२५ खूप वाढलेला आला, आणि घरात अंडाशयाचा कॅन्सर म्हणून रडारड सुरू झाली. पैशासाठी शेत गहाण टाकायची बोलणी झाली. पोटातल्या पडद्याचा तुकडा माझ्याकडे आला तो क्षयाचा होता. क्षयाच्या औषधांनी ती बरी झाली. सीए-१२५ पोटाच्या क्षयातही वाढतो, एंडोमेट्रिओसिसमध्येही वाढतो. पीएसए साध्या वाढलेल्या प्रोस्टेटमध्येही वाढतो. निदान झाल्यावर उपचारांचा परिणाम पाहायला हे आकडे उपयोगी पडतात. केवळ त्या आकड्यावर कुणाला कॅन्सर आहे असं ठरवायचं नसतं.

तेव्हा माझ्या चार विनंत्या आहेत. स्मरणिकेत छापल्यावर हे पान कापून ठेवलंत तरी चालेल.

एक, उपचार सुरू होण्यापूर्वी विचारा: तुकडा तपासला का, आणि मार्कर पूर्ण झाले का? आठ-दहा दिवस थांबावं लागलं तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. तुमचे डॉक्टर घाई आहे म्हणाले तर मात्र त्यांचं ऐका.

दोन, शरीरातून काढलेलं काहीही "साधी गाठ दिसते" म्हणून फेकू देऊ नका. तपासायला पाठवा, फॉर्मॅलिनमध्ये पाठवा, आणि काढल्याची तारीख-वेळ चिठ्ठीवर लिहायला सांगा.

तीन, पूर्ण रिपोर्ट जपून ठेवा. फोनवर एखाद्या ओळीचा फोटो पाठवून मत मागू नका. ते देणाऱ्यालाही अवघड जातं.

चार, ब्लॉक विसरू नका. मेणातला तुकडा साध्या कपाटात वर्षानुवर्षं टिकतो. दुसरं मत हवं असेल तर प्रयोगशाळेला अर्ज करून ब्लॉक आणि स्लाइड मागता येतात. आणि जुना ब्लॉक नव्याने उपयोगी पडू शकतो. हर-टू १+ म्हणजे पूर्वी सरळ निगेटिव्ह, विषय संपला. २०२२ साली अमेरिकेत पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमधल्या अशा कमी हर-टूच्या रुग्णांसाठीही एका औषधाला मंजुरी मिळाली. ज्यांचे ब्लॉक शाबूत होते त्यांच्याकडे पुन्हा पाहता आलं.

आपल्या वर्गात आज दवाखाना चालवणारे आहेत, औषधाचं दुकान असलेले आहेत, एसटीत नोकरी केलेले आहेत, एक माजी सरपंचही आहेत. तुमच्या गावातल्या दवाखान्यात मोठ्या तोंडाच्या बाटल्या आणि ताजं फॉर्मॅलिन आहे का, एवढं जरी विचारलंत तरी माझं आजचं बोलणं कारणी लागलं. माझ्या टेबलावर येण्याआधी तो तुकडा तुमच्याच हातांतून जातो.

गुरुजनांना एकच सांगायचं आहे. उत्तरपत्रिकेत उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या लिहिल्या नाहीत तर तुम्ही गुण कापायचात. तेव्हा राग यायचा. आता मी माझ्या विद्यार्थ्यांचे रिपोर्ट तपासताना तेच करते. कारण पलीकडच्या डॉक्टरला नुसतं नाव पुरत नाही, ते कशावरून ठरवलं हेही कळावं लागतं.

जेवणाची वेळ झाली आहे. कुणाच्या पिशवीत रिपोर्ट असेल तर जेवणानंतर वाचनालयात बसू. पूर्ण रिपोर्ट आणा.