शिकवण्याची हातोटी



आपल्या सेलूच्या शेजारी वर्ध्याला 1937 च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून शिकवा, असे गांधीजींनी तेथे मांडले. पुढे कित्येक शाळांत टकळी आली. टकळी सगळीकडे सारखीच. शिकवणे मात्र सारखे नव्हे! एखादा शिक्षक मुलांकडून नुसते सूत काढून घेई. दुसरा विचारी, ‘चार फुटांचा एक तार, 640 तारांची एक गुंडी, मग गुंडीत सूत किती फूट?’ पोरे हिशेबाला लागत, आणि 2560 हे उत्तर त्यांचे स्वतःचे होई.

हा फरक म्हणजेच हातोटी. ती उसनी मिळत नाही, बरं का! रोज थोडी थोडी घडवावी लागते. शाळा सुटली, की वहीत दोनच ओळी लिहा: आज मुले कुठे बोलती झाली, कुठे गप्प बसली. उद्या तेवढीच एक जागा बदलून पाहा. कधी सोबतच्या गुरुजींना आपल्या वर्गात मागे बसवा, आणि ते काय सांगतात ते राग न मानता ऐका.

शेवटी एक कसोटी सांगतो. कापूस वेचणीच्या दिवसांत आईबरोबर शेतात गेलेला पोरगा चार दिवसांनी शाळेत येतो, मान खाली घालून मागे बसतो. त्याला रागावू नका. ‘आईनं किती किलो वेचला? मजुरी किती झाली?’ असे विचारा, आणि तो हिशेब त्यालाच फळ्यावर मांडू द्या. त्याने मान वर केली, तर समजा, तुमची वाट तुम्हाला सापडली.