गोधडी : ऊब आणि वारसा

(पालक-मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



घरातील वृद्ध आजीचे निधन झाले की काही दिवसांनी तिचे कपाट उघडले जाते. दागिने, भांडी, पोथ्या यांची वाटणी होते. मागे उरतात ती धुऊन धुऊन मऊ झालेली सुती लुगडी. त्यांचे काय करायचे, हा प्रश्न पूर्वी पडत नसे. त्यांची गोधडी होत असे. आता ती बोहारणीला दिली जातात आणि घरात स्टीलचे एक पातेले येते. व्यवहार म्हणून यात गैर काही नाही. परंतु त्या पातेल्यातून नातवंडांपर्यंत आजी पोहोचत नाही. गोधडीतून ती पोहोचत असे. म्हणूनच गोधडी शिवण्याची आवड पुढच्या पिढीला कशी द्यावी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी तो कुटुंबजीवनाच्या गाभ्याला स्पर्श करणारा आहे.

गोधडीची घडण

कुठे गोधडी, कुठे वाकळ, तान्ह्या बाळासाठी असेल तर दुपटे. नावे निराळी असली तरी शास्त्र एकच आणि ते साधे आहे. खाली एक धड लुगडे अंथरायचे. त्यावर जीर्ण कापडांचे थर पसरायचे. सर्वांत वर पुन्हा चांगले लुगडे किंवा रंगीत तुकडे जोडून केलेला पदर घ्यायचा. चारी कोपऱ्यांवर जड वस्तू ठेवून कापड ताणून घेतले की सुरकुती राहत नाही. आधी लांब कच्चे टाके घालून थर जागच्या जागी बसवायचे आणि मग जाड सुती दोऱ्याने धावदोरा घालत जायचे. कुणी टाक्यांच्या सरळ ओळी घालते, तर कुणी कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन करीत मध्यापर्यंत येते. थरांमध्ये अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, हे त्यामागचे विज्ञान. सुती कापड घाम शोषून घेते, धुतल्यावर अधिक मऊ होते. कृत्रिम धाग्याच्या साड्या घसरतात, टाका नीट धरत नाहीत. म्हणून जाणत्या स्त्रिया त्या टाळतात.

रब्बीची सुगी आटोपल्यावर आणि पावसाळा सुरू होण्यापूर्वी खेड्यातील दुपारी या कामासाठी मोकळ्या असत. शेजारणी गोधडीच्या चारी बाजूंना बसत. सासरच्या-माहेरच्या गोष्टी, ओव्या, थट्टा आणि सल्ला असे सारे टाक्यांबरोबर चालत असे. नवरात्रापूर्वी घराची झाडलोट झाली की साऱ्या गोधड्या नदीवर धुऊन उन्हात वाळत पडत. लहान मुलांची गोधडीशी ओळख होई ती अशी. ती शिवली जात असताना आणि धुतली जात असताना ती तेथेच वावरत.

चिंध्यांचा सन्मान

जुन्या कापडाला पुन्हा जन्म देण्याची ही रीत साऱ्या भारतभर आहे. संस्कृतातील ‘कंथा’ हा शब्द बंगालमध्ये ‘कांथा’ झाला. ब्रिटिश काळातील सनदी अधिकारी गुरुसदय दत्त (१८८२-१९४१) यांनी खेडोपाडी हिंडून अशा कांथा जमविल्या. कोलकात्याजवळील त्यांच्या नावाच्या संग्रहालयातील एक कांथा मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने आपल्या वडिलांना अर्पण केलेली आहे. लेकीने बापासाठी घातलेले ते टाके आज राष्ट्राचा ठेवा ठरले आहेत. बिहारमध्ये नवजात बाळासाठी जुन्या कापडाची ‘सुजनी’ शिवण्याची रीत आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया कडेपासून आत शिवत येतात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची ‘फुले’ लावतात. त्या फुलांवाचून गोधडी पूर्ण झाली असे त्या मानत नाहीत. या समाजातील अनेकांचे पूर्वज आफ्रिकेतून गोव्यात आणले गेले आणि तेथून घाट चढून आले. या मातीत रुजताना त्यांनी चिंध्यांतूनही आपले सौंदर्य उभे केले.

आपल्या परंपरेने फाटक्या वस्त्राला कधी हिणवले नाही. योगी-संन्याशांच्या खांद्यावर कंथा असे. गौतम बुद्धांच्या भिक्षुसंघात तुकडे जोडून शिवलेले चीवर हाच वेष होता. त्याची आखणी मगधातील भातखाचरांच्या बांधांवरून घेतली, असे विनयपिटक सांगते. महाराष्ट्रात तर चिंध्यांचे वस्त्र पांघरून गावोगाव खराटा चालविणाऱ्या गाडगेबाबांना (१८७६-१९५६) लोक ‘गोधडेबुवा’ म्हणूनच ओळखत.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. गोधडी ही प्रथम गरज होती. विकतचे पांघरूण परवडत नव्हते, म्हणून घरोघरच्या स्त्रियांनी दिवसभराच्या कष्टांनंतर डोळे शिणवून ती शिवली. त्या श्रमांचे मोल कुणी केले नाही. मुलांना गोधडीचा अभिमान शिकवायचा असेल, तर हे कष्टही सांगितले पाहिजेत. नाहीतर तो अभिमान पोकळ ठरेल.

आवड कशी लागते?

आवड उपदेशाने लागत नाही, सहवासाने लागते. ‘आमच्या वेळी असे होते’ हे वाक्य ऐकून एकही मूल सुई हाती घेणार नाही. परंतु आई किंवा आजी स्वतः रमून शिवते आहे, हे पाहिले की ते आपोआप जवळ येऊन बसते. त्या क्षणी त्याला काहीतरी खरे काम मिळाले पाहिजे.

वयाप्रमाणे कामाची वाटणी सहज करता येते. चार-पाच वर्षांच्या मुलाने तुकडे रंगांप्रमाणे लावावेत. सहा-सात वर्षांच्या मुलाने आजीला सुई ओवून द्यावी. आजीची दृष्टी मंदावलेली असते आणि नातवाचे डोळे तीक्ष्ण असतात. दोघांनाही एकमेकांची गरज आहे, हे त्या इवल्या कामातून न सांगता कळते. आठव्या वर्षानंतर बोथट सुईने जाड कापडावर धावदोरा घालू द्यावा. दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे मोजमाप सोपवावे. चौकोन कर्णावर कापला की दोन त्रिकोण होतात, हे पुस्तकात शिकलेले तेथे हाताला समजते. पहिले काम मोठ्या गोधडीचे नसावे. बाहुलीचे पांघरूण किंवा नात्यातील बाळासाठी दुपटे पुरे. काम संपल्याचा आनंद लवकर मिळाला तरच मूल पुढच्या कामाला बसते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, मुलाचा वाकडा टाका उसवू नये. रात्री मूल झोपल्यावर आईने टाके सरळ करून ठेवले, तर सकाळी ते त्याच्या लक्षात येते. ‘हे काम माझे नाही’ असे एकदा त्याच्या मनाने घेतले की आवड तेथेच संपते. वाकड्या टाक्यांची ओळ गोधडीत तशीच राहू द्यावी. मोठेपणी तीच ओळ ते प्रथम शोधील.

शंका आणि समाधान

काही पालक म्हणतील, हे मुलींचे काम. संत नामदेव (१२७०-१३५०) शिंप्याच्या घरी जन्मले. सुई-दोऱ्याने त्यांच्या थोरवीला उणेपणा आला नाही. स्वतःच्या सदऱ्याचे बटण लावता न येणारा तरुण स्वावलंबी कसा म्हणावा? मुलगा आणि मुलगी यांना एकाच गोधडीच्या दोन बाजूंना बसवावे.

काही म्हणतील, सुई टोचेल. टोचेल, म्हणूनच शिस्त हवी. बसताना सुया मोजून घ्याव्यात, उठताना मोजून ठेवाव्यात, सुई जमिनीवर न ठेवता कापडात खोवावी. एवढी सवय लागली की मूल अन्य हत्यारेही जपून वापरते.

अभ्यासाच्या वेळेचा प्रश्न मोठा वाटतो. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला गेला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची सूचना केली आहे. शाळेने हे कधी आणि कसे करावे, याची वाट घराने का पाहावी? आठवड्यातील एक तास, दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद ठेवून, एवढेच मागणे आहे.

आज अनेक बचत गट सुंदर गोधड्या शिवून विकतात. त्या अवश्य घ्याव्यात. त्यामुळे कष्टकरी भगिनींच्या हाती चार पैसे पडतात. परंतु विकत घेतलेल्या गोधडीने मुलाचा हात घडत नाही, हेही ध्यानात असावे.

आजच का?

ही कला पुस्तकात नाही, हातात आहे. कापड किती ताणावे, दोरा किती ओढावा, कोपरा कसा वळवावा, हे जाणणारे हात आता थकत चालले आहेत. घरात, शेजारी किंवा गावाकडे अशी एखादी वृद्धा असेल, तर येत्या सुट्टीत मुलांना तिच्याजवळ बसवावे. घरातील जुनी सुती वस्त्रे बाजूला काढून स्वच्छ धुऊन ठेवावीत. प्रत्येक तुकडा कुणाचा, हे तिच्याकडून विचारून घ्यावे: हा आजोबांच्या धोतराचा, हा आत्याच्या परकराचा, हा आईच्या पहिल्या मंगळागौरीच्या साडीचा. कुटुंबाचा इतिहास मुलांना सांगण्याची याहून सोपी रीत नाही. गोधडी पूर्ण झाली की एका कोपऱ्यात शिवणाऱ्या सर्वांची नावे आणि वर्ष दोऱ्याने घालावे. त्यात सर्वांत लहान मुलाचे नाव पहिले असावे.