झाकलेली खूण

गोरखपूर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उत्तर प्रदेशातील ते मोठे शहर उभे राहते. मी राहतो ते गोरखपूर निराळे. ती जबलपूरमधील एक जुनी, गजबजलेली वस्ती आहे. जबलपूर म्हणजे नर्मदा आणि भेडाघाटचे संगमरवरी खडक, अशी बाहेरच्यांची समजूत असते. पण या शहरातल्या कितीतरी घरांचा संसार लष्कराच्या आधाराने उभा राहिला आहे. तोफगाड्यांचा कारखाना येथे १९०४ साली निघाला, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना १९४२ साली आणि लष्करी मोटारींचा १९६९ साली. अशा गावात एखाद्या माळ्यावर जुने पोलादी शिरस्त्राण सापडले, तर त्याचे फारसे नवल वाटत नाही.

असेच एक शिरस्त्राण घेऊन शेजारचा एक तरुण माझ्याकडे आला. त्याचे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. इटलीच्या मोहिमेवरून परतताना त्यांनी ही जर्मन सैनिकाची टोपी आठवण म्हणून आणली होती. जुन्या वस्तूंची रंगरंगोटी करण्याचा मला नाद आहे, हे त्याला ठाऊक होते. तो म्हणाला, “काका, हिच्यावरचा गरुड झिजून गेला आहे. नवा बसवून द्या. पण तो जुना दिसला पाहिजे.”

श्रोतेहो, ही खूण म्हणजे काय, ते आधी सांगतो. १९३५ सालापासून जर्मन सैन्याने वापरलेल्या शिरस्त्राणाच्या डाव्या अंगाला गरुड असे आणि उजव्या अंगाला काळ्या-पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांची ढाल. ही चित्रे हाताने काढलेली नसत. ती कागदावर छापलेली असत आणि तेथून पोलादावर उतरविली जात. कारागीर त्यांना डेकल म्हणतात. आपल्या घरातील शिवणयंत्रावर जी सोनेरी वेलबुट्टी असते, ती याच रीतीची.

आज अशा चित्रांच्या प्रतिकृती मिळतात. चित्र कोमट पाण्यात भिजवावे, म्हणजे मागचा डिंक सुटतो आणि चित्र कागदावरून सरकू लागते. ते अलगद जागी सरकवावे, आणि मऊ फडक्याने मध्यापासून कडेकडे दाबीत खालचे पाणी व हवा काढून टाकावी. घाई केली तर बुडबुडा राहतो आणि पुढे तेथेच चित्र फाटते. एक दिवस वाळू द्यावे, मग वर पातळ वार्निशाचा हात द्यावा. इतके काम सोपे आहे. कठीण आहे ते त्याला म्हातारे करणे.

हे शास्त्र मला माझ्या आईच्या शिवणयंत्राने शिकविले. त्याच्या मानेवरील वेल शेवटपर्यंत झळझळीत होती. पण पुढच्या काठावरची, जेथून रोज कापड सरके आणि आईचे मनगट घासे, ती पार पुसली गेली होती. झीज वाटेल तेथे होत नाही. ती वापराच्या वाटेने जाते. शिरस्त्राण जमिनीवर टेकते ते काठावर, हात लागतो तोही काठाला, मार बसतो तो माथ्याला. म्हणून बारीक पोलादी लोकरीने प्रथम काठ व माथा घासावा; चित्रावर मात्र ती ओझरतीच फिरवावी. वार्निशात किंचित पिवळट तपकिरी रंग मिसळावा, कारण जुने वार्निश पिवळे पडते. गंज दाखवायचा तर जेथे रंगाचा टवका उडून पोलाद उघडे पडले असेल, तेथेच. सर्वत्र सारखे ओरखडे काढले, तर ती वस्तू जुनी दिसत नाही. मारहाण झाल्यासारखी दिसते.

हा सराव मी नाटकासाठी केलेल्या पातळ पत्र्याच्या एका टोपीवर केला. गरुड उत्तम साधला. मग खरे शिरस्त्राण दिव्यापाशी घेतले. प्रकाश तिरपा पडताच उजव्या अंगाला, रंगाच्या खाली, ढालीची पुसट उठावदार कड दिसली. डाव्या अंगालाही काही रेषा तशाच उमटल्या. माझा हात थांबला.

१९४० साली त्या सैन्याने ढालीची खूण बंद केली आणि १९४३ साली गरुडाची. रणांगणावर अशा ठळक खुणा शत्रूच्या नजरेत भरत. म्हणून कितीतरी सैनिकांनी त्या रंगाखाली झाकून टाकल्या. आम्ही जे झिजले म्हणत होतो, ते झाकलेले होते. कोणा अनोळखी जर्मन शिपायाच्या जिवाची भीती त्या रंगाच्या थरात जपून राहिली होती. तेथे मी नवा गरुड चिकटविला असता, तर टोपी देखणी झाली असती आणि तिची साक्ष बुडाली असती. शिवाय त्या गरुडाच्या पायांतील स्वस्तिक आपल्या उंबरठ्यावरचे नव्हे. एका क्रूर राजवटीचे ते चिन्ह होते. ते अभिमानाने मिरविण्याचे काहीच कारण नव्हते.

तरुण प्रथम हिरमुसला. अखेर त्याच्या फळीवर दोन्ही टोप्या शेजारी मांडल्या: खरी, बिनखुणेची, आणि पत्र्याची, गरुडासह. महिन्याभराने त्याच्याकडे आलेल्या एका पाहुण्याने खरीकडे ढुंकूनही पाहिले नाही. पत्र्याच्याच टोपीला तो चांगली किंमत देऊ लागला. हे कळले तेव्हा क्षणभर मला माझ्या हाताचे कौतुक वाटले, आणि लगेच लाजही वाटली. जगभर अशा खुणांच्या बळावर साध्या टोप्या भारी किमतीला विकल्या जातात, हे मला ठाऊक होते. तरीही माझ्या कामावर ते माझे असल्याची एकही खूण मी ठेवली नव्हती.

त्याच संध्याकाळी छिन्नी आणि हातोडी घेऊन मी त्याच्या घरी गेलो. त्या पत्र्याच्या टोपीच्या आत, कातडी पट्टीच्या वर, ‘प्रतिकृती’ हा शब्द आणि चालू वर्ष ठोकून उमटविले. रंगाने लिहिले असते तर कोणी खरवडून काढले असते. बाहेरून ती टोपी आजही जुनी दिसते, आणि तशी दिसायला माझी हरकत नाही. मात्र ती हातात घेऊन जो उलटी करील, त्याला ती खोटे सांगणार नाही.