रिपोर्टमधले दोन आकडे
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आता आपल्या गप्पांत मार्कांपेक्षा आई-वडिलांचे रिपोर्ट जास्त असतात. त्यात कधी कॅन्सरचाही असतो. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाली आहे. म्हणून फक्त दोन आकड्यांविषयी बोलते.

पहिला अल्ब्युमिन, म्हणजे यकृतात तयार होणारं प्रथिन. दुसरा लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी. दोन्ही साध्या रक्ततपासणीत कळतात. जपानच्या ओनोडेरा यांनी १९८४ मध्ये त्यांचं एक सूत्र मांडलं. अल्ब्युमिनला १० ने गुणायचं, लिम्फोसाइटच्या संख्येला ०.००५ ने, आणि बेरीज करायची. अल्ब्युमिन ४ आणि लिम्फोसाइट २००० असतील तर उत्तर ५०. ३ आणि १२०० असतील तर ३६. पोट-आतड्याच्या ऑपरेशनसाठी त्यांनी ४५ च्या वर सुरक्षित मानलं आणि ४० च्या खाली धोक्याचं. पुढे अनेक कॅन्सरमध्ये कमी आकड्याचे रुग्ण सरासरीने कमी जगतात, असं दिसलं.

पण सरासरी म्हणजे आपली आई नव्हे. हा आकडा गटाबद्दल सांगतो, एका माणसाचं भविष्य नाही. मोबाइलवर गुणाकार करून कोणी धीर सोडू नये.

शिवाय अल्ब्युमिन फक्त उपासमारीने उतरत नाही. आजारामुळे शरीरात दाह असला तरी उतरतं. म्हणून "नीट खात नाहीस" असं रुग्णाला रागावू नका. मात्र आजारी माणसाला नुसती पेज देत राहण्याची आपली सवय सोडायला हवी. डाळ, दही, अंडं, शेंगदाण्याचं कूट यांतलं काय चालेल, हे उपचार सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारा. वजन उतरत असेल तर तेही सांगा.

असे अंदाज बांधायचे तर कोणाला आजार झाला आणि पुढे काय झालं, याची नोंद लागते. आपल्याच जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतल्या गावोगावी जाऊन कार्यकर्त्यांनी लोकांना लक्षणं समजावली आणि तपासणीला आणलं. कारण आजार लवकर सापडला, तर कुठल्याही सूत्रापेक्षा त्याचा उपयोग मोठा.

तेव्हा मैत्रिणींनो, गाठ लागली, रक्तस्राव दिसला, तर सणवार, लग्नकार्य उरकण्याची वाट पाहू नका. पुढच्या मेळाव्याला आपण सगळ्यांनी यायचं आहे.