खोडता न येणारी रेघ



आयटीवर बोल, असं संयोजकांनी सुचवलं होतं. पण ते तुम्ही रोज ऐकता. मी एका छोट्या रेखाचित्राबद्दल बोलते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्यांना ते आवडेल.

चित्र रेम्ब्रांटचं आहे. सास्कियाशी साखरपुडा झाल्यावर तिसऱ्या दिवशी, ८ जून १६३३ रोजी, त्याने तिला समोर बसवून काढलं. चर्मपत्राचा जेमतेम साडेअठरा सेंटिमीटर उंचीचा तुकडा. रुंद गवती टोपी, तिच्यावर फुलं, एक फूल हातात, गाल दुसऱ्या हातावर टेकलेला. ओठांवर किंचित हसू. आज ते बर्लिनच्या संग्रहालयात आहे.

हे आपल्या शिसपेन्सिलीचं काम नाही. चर्मपत्रावर लेप देऊन त्यावर चांदीच्या टोकाने रेघ ओढायची. हवेने ती हळूहळू तपकिरी होते. रबराने मात्र जात नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं तर कंट्रोल-झेडशिवाय पान हलत नाही! त्यामुळे रेघ ओढण्याआधी तो किती वेळ नुसता बघत बसला असेल, याचं मला नवल वाटतं.

चित्राखाली त्याने स्वतः लिहिलंय, की ही माझी पत्नी, एकवीस वर्षांची असतानाची. लग्न १६३४ साली झालं, म्हणजे हा मजकूर मागाहून लिहिलेला असावा. पुढे चार मुलांपैकी एकटा टायटस जगला. आजारपणात अंथरुणावर पडलेली सास्कियाही त्याने रेखाटली. १६४२ मध्ये ती गेली, तेव्हा तिशीही पूर्ण नव्हती.

आपल्या बॅचमधले दोघं आज इथे नाहीत. ग्रुपवर त्यांचे फोटो खूप आहेत. पण हसताना त्यांचा कुठला गाल आधी हलायचा, हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल? फोटो काढायला क्षण पुरतो, चित्राला मात्र बसून बघावं लागतं.

सर, बाई, तुम्ही चाळीस-पन्नास चेहऱ्यांकडे वर्षभर असं बघितलंत. म्हणून तर आज दारातच आम्हाला नावाने हाक मारलीत.

तर मित्रांनो, या रविवारी घरच्या माणसाला अर्धा तास समोर बसवा. एचबी पेन्सिल घ्या, रबर घेऊ नका. नाक वाकडं आलं तर येऊ दे. खाली तारीख आणि त्यांचं वय मात्र आठवणीने लिहा.